दुगाल सरदार आपलेच दरवाजापुढे उभे राहिले ते वर्तमान

श्रीकुलदेवता स्मरून, धनियांची आज्ञा शिरी धरून वर्तमान लिहिले ऐसीजे. शके बाराशे तेवीस, प्लव नाम संवत्सरी, समुद्रापलीकडे स्कॉट लोकांचे डोंगरी मुलखात दुगाल नामे सरदार एक गढी राखून होते. घरी मुरियलबाई स्त्री आणि बेथोक कन्या चार वर्षांची. दक्षिणेचे राजाची फौज चालून येते ऐसी खबर आली, तेव्हा सरदारांनी मेजवानी केली आणि मद्य प्राशून भरसभेत बोलिले की, "उद्या आम्ही शत्रूचे हाती लागलो आणि आम्हीच खालून दरवाजा उघडा म्हणालो, तरी उघडू नये. ऐसे म्हणेल तो दुगाल नव्हे." लोकांनी वाहवा केली आणि सरदार मिशांवरून हात फिरवीत निजावयास गेले. मग थोडक्याच दिवसांत सशामागे घोडा घालून गढीपासून दूर गेले आणि शत्रूचे स्वारांनी घेरून जिवंत धरिले.

मग शत्रूचे सेनापतीने गढीस वेढा दिला आणि सरदारांस दरवाजापुढे आणून गळ्यात दोर घातला आणि म्हणाला, "बाईस सांगा, गढी खाली करा. नाही तर ते झाड आहे आणि तुम्ही आहा." सरदारांनी पूर्वजांचे नाव मनी घेतले, परंतु दोर खरखरीत होता आणि मानेस काचत होता. शिर सलामत तर पगडी पचास, ऐसे मनाशी म्हणोन ओरडले, "मुरियल, दरवाजा उघड. हे मला मारतात. तुझ्या पाया पडतो." तटावरील अवघे लोक खाली मान घालून उभे राहिले. सरदारांस तेथेच मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि तरी दुसरे वेळी तेच ओरडले.

बाई कन्येस कडेवर घेऊन तटावर होत्या. कन्या म्हणाली, "आई, बाबा." बाईंनी खाली पाहिले आणि बोलिल्या, "नव्हेत ग. तुझे बाबा असं बोलत नाहीत." आणि सेनापतीस म्हणाल्या, "मुदपाकातल्या चाकरास धन्याचा अंगरखा घालून आणिलात काय? फाशी द्या की सोडा, आम्हांस काय त्याचे." सेनापतीने सरदारांचे रडवेले तोंड न्याहाळिले आणि त्यास बाईचे खरे वाटले. मग चाकरास मारून काय मिळते म्हणोन लाथ घालून हाकून दिले.

पुढे बर्फ पडले, वैरण सरली आणि फौज उठोन गेली. सरदार घरी आले. मुजरे पूर्ववत जाहले, कोणी शब्द काढिला नाही, त्याची लाज अधिक. जेवते वेळी खालमानेने पुसिले, "माझा जीव वाचावा म्हणून तसं बोललीस ना?"

"होय," बाई म्हणाल्या. सरदारांस जिवात जीव आला. मग पुसिले, "आणि त्यानं फाशी दिलं असतं तर?" बाईंनी भाकरी पुढे सारिली आणि म्हणाल्या, "जेवा आता."

तो बेथोक जवळ आली आणि परक्यास पुसावे तैसे पुसो लागली, "तुम्ही दरवाजापुढचे ना? आमचे बाबा कधी येतील?"

सरदारांनी हातचा घास ताटात ठेविला. "येतील," इतकेच बोलिले.

एकूण वृत्तांत इतकाच. सरदार त्याउपरी बहुत वर्षे जगले, दोन लढायांत आघाडीस राहिले, जखमा पावले, गढी राखिली. कन्या थोर जाहली, समजली, त्यांस बाबा म्हणो लागली. परंतु तिने हाक मारिली म्हणजे सरदार आधी मागे वळोन पाहात, कोणास बोलाविते म्हणोन.