चार नंबरचे आजोबा

"खेळायचं? आणि त्यावर माझी परीक्षा?" मोठ्या बाई हसल्या. "अहो, अठ्ठावीस वर्षं मी हाडामांसाची माणसं सांभाळली. हे आजोबा तर चित्रातले. चहा निवायच्या आत बरे करते त्यांना."

नर्सिंग कॉलेजात कॉम्प्युटरवरचा नवा खेळ आला होता. पडद्यावर वॉर्ड, चार नंबरच्या पलंगावर धाप लागलेले आजोबा आणि खाली बटणांची रांग. योग्य वेळी योग्य बटण दाबलं की आजोबा सुधारायचे, चुकलं की बिघडायचे. प्राचार्यांनी फर्मान काढलं होतं: शिकवणाऱ्यांनी आधी स्वतः ऐंशी मार्क मिळवायचे. संधी दोन. नाहीतर सोमवारपासून पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर बाकावर बसायचं. आणि तो वर्ग घेणार होत्या छोट्या बाई, ज्यांना थर्मामीटर धरायला मोठ्या बाईंनीच शिकवलं होतं! मोठ्या बाईंना नुसत्या कल्पनेनेच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

मुली भोवती गोळा झाल्या. मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर चढवला. पडद्यावर अक्षरं आली: 'रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुवा.'

"हे मात्र बरोबर," असं म्हणून बाई उठल्या आणि चालू लागल्या.

कोपऱ्यातल्या बेसिनवर त्यांनी बाह्या सरसावल्या, साबण लावला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं शिस्तीत. मुलींना दाखवायचा मोह आवरेना, म्हणून अंगठे दोनदा. हात कोरडे करून परत येतात तो आजोबा गेलेले.

"कशाने?" बाईंना खरंच धक्का बसला.

"तुम्ही हात धुतले नाहीत, असं म्हणतंय," छोट्या बाई चाचरत म्हणाल्या. "बाई, ते बटण दाबायचं होतं."

"मग हे काय आहे?" बाईंनी दहाही बोटं पडद्यासमोर धरली. पडदा बधला नाही. मार्क चार.

दुसऱ्या खेपेला बाई खुर्चीला चिकटून बसल्या. हात धुतले, बटणाने. आजोबांना ओळख सांगितली, उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला. मार्क भराभर सत्तरवर गेले. एवढ्यात आजोबांचे ओठ निळे पडले, नाडी घसरली, आणि बाईंमधली वॉर्डातली सिस्टर जागी झाली.

"डॉक्टरांना बोलवा, लवकर!" त्या गरजल्या.

खरं तर तेही एक बटणच होतं. पण बाईंचा तो आवाज दुसऱ्यांदा ऐकायची वाट आजवर कुणी पाहिली नव्हती. व्हरांड्यातला शिपाई धूम पळाला. दोन मिनिटांत शेजारच्या हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर तीन जिने चढून दारात हजर, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

"कुठाय पेशंट?"

बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. आता काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं. पण डॉक्टरांचा तोरा निराळा. "सरका," ते म्हणाले. "आलोच आहे तर वाचवतो."

त्यांनी इंजेक्शन, सलाईन, ईसीजी, दिसेल ते बटण धडाधड दाबलं. बाराव्या बटणाला आजोबांनी मान टाकली. मार्क अकरा.

"सत्तर माझे होते," मोठ्या बाई दारात उभ्या असलेल्या प्राचार्यांना काकुळतीने म्हणाल्या. "बाकीचं सगळं यांचं कर्तृत्व."

"मान्य," प्राचार्य म्हणाले. "तर मग सोमवारी दोघंही या."

सोमवारी पहिल्या बाकावर मोठ्या बाई आणि त्यांच्या शेजारी गुडघे न मावणारे डॉक्टर. दोघांच्या समोर कॉम्प्युटर आणि पडद्यावर पुन्हा तेच आजोबा. बाईंना रडू येत होतं, खोटं कशाला बोला! तेवढ्यात डॉक्टर हळूच त्यांच्याकडे झुकले.

"बाई, आता पुढे काय करू?"

अठ्ठावीस वर्षांत एकाही डॉक्टरने त्यांना असं विचारलं नव्हतं. बाईंचे डोळे पुसले गेले, मान ताठ झाली, ऊर भरून आला. त्यांनी मोठ्या रुबाबात एका बटणाकडे बोट केलं. डॉक्टरांनी निमूटपणे ते दाबलं.

आजोबा गेले.

"पहिल्या बाकावरची बडबड बंद," छोट्या बाई फळ्याकडून न वळताच म्हणाल्या. "दोघं वेगवेगळे बसा."