सुई उचलण्याची सवय

मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचे पत्र विष्णुपंत पोतनीसांना १९५३च्या दिवाळीत आले होते. १९५६ची दिवाळी तोंडावर आली तरी त्याचे उत्तर गेले नव्हते. पत्र हरवले नव्हते. ते घरातल्या ज्ञानकोशाच्या तिसऱ्या खंडात होते, आणि तो खंड विष्णुपंत तीन वर्षे टाळत होते.

जुन्या बैठकीच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या दुरुस्त करून कंपनी त्या नव्याने काढणार होती. सारंगी, दिलरुबा आणि जलतरंग यांच्या १९११ सालच्या तबकडीची बहुधा एकच प्रत उरली आहे आणि ती आपल्याकडे आहे असे समजते, मिळेल का, असे पत्रात विचारले होते. शिवाय, लेबलावर दोनच नावे आहेत, जलतरंग कोणी वाजवले हे ठाऊक आहे का?

ठाऊक होते. एकोणीस वर्षांच्या विष्णुपंतांनीच वाजवले होते, इंदूरच्या एका हॉटेलात, रेकॉर्ड काढणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या अजस्र भोंग्यापुढे बसून. त्या काळी वादन संपले की प्रत्येकाने आपले नाव मोठ्याने सांगायचे, म्हणजे लेबल छापणाऱ्याला ते कळे. सारंगीवाल्या लालखाँसाहेबांनी सांगितले, दिलरुबावाल्या बापूंनी सांगितले. विष्णूची काडी मात्र शेवटच्या स्वराला भलत्याच वाडग्यावर पडली होती. भोंगा त्याच्याकडे वळला तेव्हा नावाऐवजी तोंडातून निघाले, "चुकलं, माफ करा!" साहेबाला मराठी येत नव्हते. तेही नावच समजून त्याने समाधानाने मान डोलावली आणि सामान आवरायला घेतले.

पुढे लग्नानंतर घरात ती तबकडी लागली की संपायच्या जरा आधी विष्णुपंत सुई उचलत. "सुई झिजते," असे ते सांगत. त्यांच्या मुलीला, शैलाला, हीच रीत वाटली. सासरी तिने पाहुण्यांच्या देखत एका गाणाऱ्या बाईंच्या तबकडीवरून ऐन शेवटच्या तिहाईत सुई उचलली, त्याची गोष्ट खंडव्यात अजून सांगतात.

आणि आता कंपनीचे पोस्टकार्ड आले: 'आमचे श्री. प्रकाश रविवारी येत आहेत.' विष्णुपंत आंघोळीला गेले होते, म्हणून ते त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंनी वाचले.

मुंबईचा माणूस येणार आणि तबकडीवर बोटभर धूळ! दुर्गाबाईंनी ती रिठ्याच्या पाण्याने धुतली आणि गच्चीवर, चिवड्याचे पोहे उन्हात घातले होते त्यांच्या शेजारी, एका उलट्या पातेल्यावर वाळत ठेवली. दुपारी पोहे उचलायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या.

शेजारचे भय्यासाहेब आधी पोहोचले. त्यांची कचेरी नव्या राज्याच्या राजधानीत, भोपाळला हलणार होती, त्यामुळे ते आठवडाभर घरीच खोकी बांधत होते.

"अरे बाप रे! वहिनी, हिची तर टोपी बनली!"

खरेच, कडा चहूकडून खाली लोंबल्या होत्या.

"माझ्या बाबांनी घेतलेली हो," दुर्गाबाई म्हणाल्या. "माहेराहून तेवढी एकच वस्तू हट्टाने आणली होती मी." आणि त्या पोह्यांत बसून रडू लागल्या.

मागोमाग वर आलेल्या विष्णुपंतांना आधी हायसे वाटले, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "जुनी झाली होती."

"जाऊ कसं दे? लालखाँसाहेब गेले, बापू गेले. त्यांचं दुसरं काय राहिलंय कुठे?"

"पंत, फिकर नॉट," भय्यासाहेब म्हणाले. "चार राज्यं मिळून एक करताहेत, तर एक रेकॉर्ड सपाट नाही होणार? दोन काचांमध्ये दाबून धुपेत ठेवू, उन्हानं वाकली ती उन्हानंच सरळ होईल. माझ्या टेबलाची काच काढून ठेवलीच आहे."

दुसरी काच म्हणून घरातला आरसा आला. वजन म्हणून कोशाचे खंड ठेवायचे ठरले. विष्णुपंतांनी एक खंड ठेवला, दुसरा ठेवला आणि थांबले. एवढ्यावरच सोडले तर तबकडी सरळ होणार नव्हती, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. मग त्यांना लालखाँसाहेब आठवले: एका तारेसाठी अर्धा अर्धा तास कान लावून बसणारे. विष्णुपंत खाली गेले आणि तिसरा खंड घेऊन आले. त्यातले पत्र खिशात घातले, खंड काचेवर ठेवला. मग चौथा आणि पाचवाही आणला.

ऊन उतरेपर्यंत ते छत्री धरून पहारा करत बसले. छत्री स्वतःवर होती, तबकडीवर तिची सावली पडू देत नव्हते. मग सगळा डोलारा तसाच सावलीत निवू दिला. रविवारी सकाळी आरशाशिवाय दाढी केल्याने त्यांच्या हनुवटीवर दोन कापसाचे बोळे होते, पण तबकडी पोळपाटासारखी सपाट झाली होती.

देवास गेटच्या मोटारस्टँडवरून टांग्याने आलेले प्रकाश तिशीचे, चष्मा लावणारे निघाले. दुर्गाबाईंकडून हकीकत ऐकून त्यांनी तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरली आणि विचारले, "ही काल वाकलेली होती? हे काम कुणी केलं?"

"ह्यांनी," दुर्गाबाई म्हणाल्या.

ग्रामोफोनला चावी दिली, सुई टेकली. खरखरीतून सारंगी वर आली, तिच्या मागून दिलरुबा, आणि मग पाण्याचे ते थेंब. भय्यासाहेबांनी डोळे मिटले. शेवट जवळ आला तसा विष्णुपंतांचा हात सवयीने सुईकडे गेला. दुर्गाबाईंनी तो मनगटाशी धरला.

"अगं, सुई..."

"झिजू दे."

"लालखाँ!" तबकडी म्हणाली. "बापू!" मग एक कोवळा, घाबरा आवाज आला: "चुकलं, माफ करा!"

भय्यासाहेब खो खो हसले. विष्णुपंत जमिनीकडे पाहत राहिले.

"वाजवणारे कोण हे?" प्रकाशांनी विचारले.

"हेच की," दुर्गाबाई म्हणाल्या. "लग्नाआधी दोन वर्षं रोज ऐकत होते मी. मग हे मला बघायला आले, पाण्याचा तांब्या बाबांच्या धोतरावर उपडा केला आणि म्हणाले, चुकलं, माफ करा! आवाज तोच. मी दाराआडूनच आईला सांगितलं, हेच स्थळ पक्कं. साहेबाच्या भोंग्यात चूक कबूल करतो तो माणूस घरात काय लपवणार?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं? त्रेचाळीस वर्षं?"

"तुम्ही सुई उचलत होता, म्हणून बोलले नाही."

प्रकाशांनी सुई उचलून ठेवली. "नव्या तबकडीत ते शेवटचं वाक्य कापता येईल, पंत. तो चुकीचा स्वरही."

विष्णुपंतांनी मान वर केली. आयुष्यात प्रथमच त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "नको. राहू द्या."

"मग पत्राचं उत्तर माझ्याच हाती द्या ना."

"पत्र डाकेने आलं," दुर्गाबाई म्हणाल्या, "उत्तरही डाकेनेच जाईल."

विष्णुपंतांनी लिहिले: 'उत्तराला तीन वर्षे उशीर झाला. चुकलं, माफ करा. तबकडी श्री. प्रकाश यांच्या हाती दिली आहे. जलतरंग: विष्णू पोतनीस.' नाव जरा मोठ्या अक्षरांत आले होते. ते तसेच ठेवून, हनुवटीवरचे बोळेही न काढता, ते फ्रीगंजातल्या लाल पेटीपर्यंत चालत गेले आणि पत्र आत टाकले.