मागचं फाटक

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक छोटं फाटक होतं, ते मी बुजवलं. सेक्रेटरी मी होतो, ठराव मी मांडला आणि गवंडीही मीच बोलावला. देवस्थळीकाकांबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं नुसतं गमतीचं वाटेल.

काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. नगररचना खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कर्वेनगरात त्यांना सगळे ओळखतात ते घडीच्या स्टुलामुळे. बाहेर पडताना ते काखेत असतंच. नवीन काही बांधलेलं दिसलं की काका स्टूल उघडून तिथे बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "जागा वापरून बघतोय."

एका आयटी कंपनीने इमारतीपुढे भलंमोठं अंगण केलं होतं. ग्रॅनाइटची फरशी, कारंजं, कुंड्यांतले पाम आणि बसायला काहीही नाही. काका कारंज्याशेजारी जाऊन बसले. रखवालदार धावत आला.

"अंकल, इधर बैठना मना है."

"मग हे केलंय कशासाठी?"

"देखने के लिए."

"मी तेच करतोय. बसून."

शेवटी मला फोन आला. आमचे सेक्रेटरी म्हणून काकांनी माझा नंबर दिला होता.

त्यांचं म्हणणं असं, की नकाशात शहर वरून दिसतं आणि वर कोणी राहत नाही. त्यामुळे न आवडलेल्या कुठल्याही योजनेवर त्यांचा एकच शेरा असतो, "घारीला आवडेल." आमचं नवं स्वयंपाकघर बघायला आले तेव्हा ओट्याकडे बघत म्हणाले, "घारीला आवडेल. पण पोळ्या लाटणारीचा कोपर कुठे जाणार?" पोळ्या करताना बायकोचा कोपर भिंतीवर आपटला, आणि त्या दिवसापासून ती काकांच्या बाजूची झाली.

ते दर वेळी बरोबर ठरतात असंही नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी जेवणाची रांग तपासली. "ही रांग स्वतःलाच कापतेय," म्हणाले, आणि केटररच्या माणसांकडून टेबलं हलवून घेतली. रांग सुरेख वाहू लागली, फक्त आता ती आइस्क्रीमपासून सुरू होत होती. व्याही हातात आइस्क्रीम घेऊन बटाट्याच्या भाजीसमोर उभे होते.

"लोकांना सवय होईल," काका म्हणाले.

"काका, साखरपुडा एकदाच असतो."

त्यावर ते आइस्क्रीमचं टेबल शेवटी हलवायला निघाले.

आता फाटक. आमची सोसायटी बांधली तेव्हा खाली स्कूटरी उभ्या असायच्या. मग गाड्या आल्या. मग मुलं आयटीत लागली आणि दुसऱ्या गाड्या आल्या. फाटकातून मागच्या जुन्या कॉलनीत जाता यायचं, त्यामुळे त्याच्यापुढची वाट मोकळी ठेवावी लागे. अशात कोणाची तरी सायकल चोरीला गेली. मी सभेत सुरक्षिततेवर बोललो. फाटक बुजवलं की दोन गाड्यांची जागा निघते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातली एक मला मिळणार होती, कारण माझ्या मुलाने गाडी बुक केली होती. हे मात्र मी बोललो नाही.

काका नकाशाची गुंडाळी घेऊन आले होते. त्यांनी ती दोन खुर्च्यांना अडकवली आणि बोलू लागले. वाटा एकमेकींना जोडलेल्या असल्या की माणसं चालतात. माणसं चालतात तिथे चोराला अवघड जातं. भिंत बांधली की पलीकडची गल्ली ओस पडते आणि भीती वाढते. मागून कोणी म्हणालं, "काका, सामोसे गार होतायत." लोक हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "हे सगळं पुस्तकातलं झालं. तुम्हाला स्वतःला त्या फाटकाचं काय काम आहे, तेवढं सांगा."

काकांनी नकाशाची एक कड सरळ केली. मग म्हणाले, "प्रश्न माझा नाही. शहराचा आहे."

हात वर झाले. फाटक बुजलं.

काही महिन्यांनी सकाळी फिरायला निघालो, तर हमरस्त्याच्या कडेला काका स्टुलावर बसलेले दिसले. मांडीवर वर्तमानपत्र होतं.

"काय काका, जागा वापरून बघताय?"

"नाही," ते म्हणाले. "गुडघा."

"मागच्या कॉलनीत निघालो होतो," म्हणाले. मी स्टूल घेतलं आणि त्यांच्याबरोबर चाललो. पूर्वी फाटकातून शंभर पावलांत होणारी वाट आता चौकाला वळसा घालून जात होती. फुटपाथ मध्येच संपत होता, विजेच्या डीपी बॉक्सपाशी रस्त्यावर उतरावं लागत होतं. काका एकदाही घारीबद्दल काही बोलले नाहीत.

"सभेत सांगायचं होतं हो," मी म्हणालो. "गुडघ्याचं ऐकून कोणी नाही म्हटलं नसतं."

"तेच तर. माझ्या गुडघ्यासाठी ठेवलं असतंत, आणि माझ्यामागे बुजवलं असतंत."

आम्ही पोहोचलो ते गायकवाडांकडे. ते खात्यात कारकून होते, काकांच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी सगळी नोकरी केली. आता दृष्टी गेली आहे. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली दोन खुर्च्या. काकांनी न विचारता एकीवर बसून वर्तमानपत्र उघडलं.

"आज पायांचे आवाज चार," गायकवाड म्हणाले.

"आमचे सेक्रेटरी आहेत."

"या, बसा. सुटका करा माझी. बातम्या संपल्या की हे मला नगररचना वाचून दाखवतात. कळत काही नाही, पण घरात आवाज असतो." मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, "पूर्वी संध्याकाळीही यायचे. ते फाटक कोणी हो बंद केलं?"

"सोसायटीने," काका घाईने म्हणाले. "रीतसर ठराव झाला, गायकवाड. ही पाण्याची बातमी ऐका."

ते वाचू लागले. मी त्यांच्या पेपरवर हात ठेवला.

"गायकवाडसाहेब, फाटक मी बंद केलं. चोरीमुळे नाही. मला मुलाच्या गाडीला जागा हवी होती. ती गाडी मी आज तिथून काढतो, आणि भिंत पाडायचा ठरावही मीच मांडतो. काका, सभेत मी तुम्हाला हसलो. माझं चुकलं. मला माफ करा, दोघांनीही."