भुलूचं तेल

केळकरभाऊजी जिन्यात दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. अत्तराचा नव्हे हो, गंधकाचा. आम्ही तेव्हा कलकत्त्यात डमडमला घोषबाबूंचे भाडेकरू होतो, आणि समोरच्या खोलीत हे. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, एस्प्लनेडच्या एका सरकारी कचेरीत हिशेबाचं काम. नोकरी आपली पोटापुरती. खरा उद्योग म्हणजे गल्लीतल्या कुत्र्यांची खरूज बरी करणं.

"खरूज म्हणजे घाण नव्हे वहिनी, किडा आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण जिद्दी आहे." हे पहिल्याच भेटीत. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला आमच्या यांच्या बँकेतल्या साहेबांच्या बायकोने सहज विचारलं, सध्या काय विशेष? झालं. मादी कातडीखाली बोगदा कसा खणते, त्यात अंडी कशी घालते, सगळं सविस्तर. ती बिचारी प्रसादाचा शिरा तोंडात धरून बसली. गिळवेना आणि टाकवेना. पुढे भाऊजींनाच कुत्र्याची खाज लागली, तर तेच तेल अंगाला चोपडून ऑफिसात गेले. म्हणाले, बरं झालं, ट्राममध्ये बसायला जागा मिळते.

एका वर्षी गल्लीत भुलू नावाचा कुत्रा आला. अंगावर केस नाहीत, कातडी हत्तीसारखी, खाजवून खाजवून रक्त. आणि बसायला जागा कुठली, तर घोषबाबूंचं दार. दुर्गापूजेला त्यांच्या लेकीच्या सासरची मंडळी यायची होती. घोषबाबूंनी बजावलं, पूजेच्या आत बरा झाला तर ठीक, नाहीतर कॉर्पोरेशनची गाडी बोलावतो. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत येत नसे.

मग दर रविवारी कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ, अंग कोरडं करून खोबरेलात कालवलेला गंधक. अंथरायचं गोणपाट जाळून नवं घालायचं. माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना धुराचा वास, मी आपली करवादायची. तेल मुरेपर्यंत कुत्र्याला अंग चाटू द्यायचं नाही, म्हणून भाऊजी त्याचं तोंड मांडीवर धरून बसत आणि सारखे बोलत राहत. साहेब कुणावर चिडला, खानावळीत काय शिजलं, लहानपणी चिपळूणला फणस कसे पाडायचे. सगळं मराठीत. घोषबाबूंची बायको मला विचारी, हे त्याच्यावर कसला मंत्र घालतात?

खाज थांबली तेव्हा घोषबाबू म्हणाले, पुरे आता. भाऊजी ऐकेनात. राहिलेली अंडी फुटली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून तेल चालूच.

पूजेच्या तोंडावर भुलू असा तांबूस, भरदार दिसायला लागला की लेकीच्या सासऱ्यांनी विचारलं, कुठल्या जातीचा? घोषबाबूंचा सूरच पालटला. लांब बजबज गावी त्यांचं गोदाम होतं, तिथे राखणीला असाच कुत्रा हवा होता म्हणे. मला वाटलं, भाऊजी भांडतील. पण ते एवढंच म्हणाले की गल्लीत राहिला तर पुन्हा लागण होईल, तिथे बरा राहील. लॉरीत त्याला त्यांनीच उचलून ठेवलं.

पुढच्या रविवारी त्यांना मी जेवायला बोलावलं. भात नुसताच चिवडत होते.

"भुलूवाचून करमत नाही, होय ना?" मी विचारलं.

"तो सुखात आहे हो." त्यांनी आमटी कालवली. "ऑफिसात बंगाली, साहेबापुढे इंग्रजी, बाजारात हिंदी. आठवड्यातून तेवढंच काय ते घरचं बोलणं व्हायचं."

मी त्यांच्या पानात पोळी वाढली आणि समोर पाटावर बसले. म्हटलं, "मग? या आठवड्यात साहेब कुणावर चिडला?"

त्यांनी हातातला घास पानात ठेवला. मग सांगायला लागले. आमचे हे खुर्चीतच डुलक्या घ्यायला लागले, चहाची वेळ झाली, ताटातलं खरकटं वाळलं. भाऊजी बोलतच होते, आणि मी उठले नाही.