तयारी करणाऱ्यांचं जंगल

एका जंगलात, मुलांनो, सगळे तयारी करत होते.

कसली तयारी, असं तिथे कुणी विचारत नसे. नोकरीची. नोकरी एकच होती, पाणवठ्यावरच्या पहारेकऱ्याची. तिची जाहिरात सात वर्षांपूर्वी एकदा निघाली होती.

त्या जंगलातली शलाका नावाची खार सात डोंगरांपलीकडे शिकून परत आली. वाटभर तिने मनात एकच चित्र रंगवलं होतं. तयारी करणारी मुलं भविष्याच्या काळजीने वाळली असतील. कुणाला झोप नसेल, कुणाच्या शेपटीचे केस गळले असतील. आपण त्यांना धीर देऊ. सगळ्यांत आधी दादाला. तिचा भाऊ निनाद सात वर्षं तयारी करत होता आणि त्याच्यासाठी बिया फोडून फोडून आईचे पुढचे दात झिजले होते. खारीचे दात जन्मभर वाढतात, तरीही. दादाला स्वतःच्या पायांवर उभं केल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही, असं शलाकाने ठरवलं होतं.

अभ्यासिकेत, म्हणजे जुन्या वडाखाली, तिला दिसलं ते भलतंच. ससा पाढे गात होता. कासव उताणं पडून चालू घडामोडी ऐकत होतं. सगळ्यांचे गाल वर आले होते.

शलाकाने शिकून आणलेला प्रश्न विचारला. आयुष्याबद्दल समाधान किती, एक ते दहा? सशाने दहा सांगितले. घोरपडीनेही दहा. कासवाने अकरा आहेत का ते विचारून घेतलं आणि नाइलाजाने दहावर भागवलं.

दादाने पाय पसरले. "शलू, माझं तर ठरलेलंच आहे. जाहिरात निघाली की मी लागलोच."

"आणि नाही निघाली तर?"

"मग तर प्रश्नच नाही."

त्या जंगलाची रीतच तशी होती. तयारी करणाऱ्याला वणवा विझवायला बोलवायचं नाही. त्याच्याजवळ मोठ्याने शिंकायचं नाही. झाडावरचं पहिलं पिकलं फळ त्याचं. लग्नाच्या बैठकीत मुलगा काय करतो असं विचारलं, की "तयारी करतो" म्हणायचं. समोरचे आदराने माना डोलवत आणि मुलीला चहा आणायला सांगत.

शलाकाला वाटलं, यांना एखादा यशस्वी प्राणी दाखवायला हवा. तिने पहारेकरी दामोदर तरसाला व्याख्यानाला आणलं. सात वर्षांपूर्वी तोच लागला होता. त्याआधी त्याचं हसणं तीन कोसांवर ऐकू जाई. आता तो भर उन्हात रानरेड्यांना रांगेत उभं करत असे. समाधान किती, असं शलाकाने त्याला सर्वांसमोर विचारलं.

"ताई," तो म्हणाला, "एकाखाली आकडा नाही का?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. हा लागू शकतो तर आपण का नाही, असं सशाचं म्हणणं पडलं.

शलाका पेटून उठली. ती थेट सिंहाकडे गेली. तरुण पिढी, तिचं भवितव्य, सात डोंगरांपलीकडचे दाखले, सगळं तिने एका दमात सांगितलं. सिंहाच्या झोपेची वेळ झाली होती. त्याने बारा जागांच्या जाहिरातीवर पंजा उमटवला.

दुसऱ्या दिवशी जाहिरात वडाच्या खोडावर लागली. परीक्षा पौर्णिमेला.

वडाखाली सुतक पडल्यासारखं झालं. ससा गायचा थांबला. कासवाने पाय आत घेतले, मग डोकंही. दादाच्या पोटात कळ उठली ती राहीचना. समाधान दहावरून तीनवर आलं.

संध्याकाळी परीक्षा पुढे ढकलण्यासाठी मोर्चा निघाला. पोरांना अशक्तपणा आल्यामुळे मोर्चात त्यांच्या आयाच होत्या. सर्वांत पुढे शलाकाची आई.

शलाकाने तिला वाटेत गाठलं. "अगं आई, बारा जागा आहेत. दादाला एक मिळेल. तुझे दात वाचतील."

"दातांचं काय घेऊन बसलीस?" आई म्हणाली. "सात वर्षं पोरगं हसत होतं गं. तू आलीस आणि आठवड्यात त्याला रडवलंस. हेच शिकवतात का तिकडे?"

सिंहाने मोर्चा पाहिला, जांभई दिली आणि परीक्षा बेमुदत पुढे ढकलली. माकडांनी आनंदाने कवठं फोडली. दादाच्या पोटातली कळ आई घरी पोचायच्या आत थांबली आणि त्याने दोन फळं जास्त खाल्ली. शलाकाशी मात्र झाडावर कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या फांदीवरच्या होलाकाकूंनी तिला हटकलं. एवढं शिकून आता पुढे काय करणार, असं त्यांनी जरा खवचटपणेच विचारलं.

शलाकाने दादाच्या शेजारची जागा शेपटीने झाडली आणि तिथे बसली.

"तयारी," ती म्हणाली.

"छान हो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आपला आवाज बारीक केला.

आईने दोघांसाठी बिया फोडायला घेतल्या.

तात्पर्य : मुलांनो, यशापासून नेहमी एक परीक्षा अलीकडे राहावं. तिथे आशा असते, सावली असते, आणि ताट उचलायला कुणीतरी असतं.