माणिकभाऊंची न मिटणारी फळी

माणिकभाऊंसमोर खुर्चीतून उठायचं असेल तर कायमचं उठावं. पाणी प्यायला म्हणून उठलात, तर परत येईपर्यंत खुर्ची मिटून भिंतीला टेकलेली. एकदा उपसरपंच मोबाइलवर बोलता बोलता नुसते अर्धवट उठले आणि परत बसले ते थेट फरशीवर. मी ओठांत टाचण्या धरून कसंबसं हसू दाबलं. माणिकभाऊ मात्र गंभीर. म्हणाले, "उघडी खुर्ची जागा खाते, साहेब."

उंद्रीत बसस्टँडमागे आम्हा तिघांची भाड्याची एक खोली आहे. मी कपडे शिवते, गजानन ऑनलाइन अर्ज भरून देतो आणि माणिकभाऊ घड्याळं दुरुस्त करतात. खोली एवढीशी, त्यात हंगामात संध्याकाळी घरमालक सोयाबीनची पोती आणून टाकणार. माझं कापड आणि गजाननचा प्रिंटर यांचं रोजचं भांडण. माझ्या कात्रीनं त्याची वायर कापली, तेव्हापासून तर आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. माणिकभाऊ तेवढे कोपऱ्यात, मांडीवर पत्र्याचा डबा, त्यात घड्याळं. "मले किती जागा लागते?" हे त्यांचं पालुपद.

आमचं भांडण मिटावं म्हणून त्यांनी घडीचं टेबल करायला घेतलं. झालं! माणूस झपाटलाच. आधी पुठ्ठ्याचं टेबल केलं, ते गजाननच्या कोपरानं कोसळलं. मग आमची मापं. "ताई, कापड कापतानी वाकू नको. वाकली का कंबर गेली." माझ्या कोपराची उंची मी माझ्याच टेपनं मोजून सांगायची, तोवर हे भिंतीकडे तोंड करून उभे. एवढा संकोच! बिजागरी करकरली की तिला घड्याळाचं तेल.

टेबल मात्र झकास झालं. भिंतीला दोन फळ्या, एक माझी, एक गजाननची. सकाळी उघडायच्या, पोती यायच्या आत मिटायच्या. गजानन पुन्हा माझ्याशी बोलायला लागला.

"अन् तुमची फळी, भाऊ?" मी विचारलं.

"मले किती जागा लागते?" म्हणाले आणि डबा मांडीवर घेऊन बसले.

त्याच आठवड्यात त्यांच्या धाकट्या भावाची बायको ब्लाउज शिवायला घेऊन आली. पोराचं लग्न होतं. माणिकभाऊंनी लग्न केलं नाही, सारा जन्म त्याच घरात गेला. ती सहज बोलून गेली, "घरात सून येऊन राह्यली ना, ताई. भाऊजींची खाट गोठ्याजवळ टिनाखाली टाकली. ते काही बोलले नाही. मले किती जागा लागते, म्हणे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिचा राग आलाच, पण त्याहून जास्त त्या वाक्याचा आला. या माणसानं हयातभर दुसऱ्यासाठी जागा केली आणि स्वतःचीच घडी घालून ठेवली. आता ती घडी गोठ्यापर्यंत गेली होती.

गजाननला सांगितलं. एरवी माझं एक ऐकत नाही, त्या दिवशी मुकाट्यानं उरलेला प्लाय घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी माणिकभाऊ आले, तर खिडकीखाली, उजेडाला, तिसरी फळी. त्यांनी आधी ती मिटायलाच हात घातला. वरून चाचपलं, खालून चाचपलं.

"हे काऊन मिटत नाही बे? गजानन, बिजागरी विसरला का?"

"विसरलो नाही, काका. लावलीच नाही."

"अरे, पोत्याले अडचण होईन ना!"

"होऊ द्या," मी म्हटलं. "हे तुमची जागा हाय, भाऊ. हे मिटाची नाही."

माणिकभाऊंनी खुर्ची ओढली. डब्यातलं एकेक घड्याळ काढून फळीवर मांडलं आणि दोन्ही कोपरं टेकून बसले. भिंग डोळ्याला लावलेलं, हात मात्र बराच वेळ चालत नव्हते. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले.

मग ते चहाला उठले. खुर्ची तशीच उघडी ठेवून गेले.