विचाराधीन म्हैस

लहान मुलांना पुस्तकांची गोडी लागावी, याबद्दल मोठ्या माणसांत कधीच दुमत नसते. दुमत असते ते फक्त मुलांनी पुस्तकाला हात लावावा की काय, याबद्दल. कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या वाचनालयाने हा पेच २००२ साली कायमचा सोडवला. त्यांनी बालचित्रपुस्तक शिफारस समिती नेमली.

समितीचे काम सरळ होते. कागलच्या एका दात्याने बालविभागाला चित्रांची दोन खोकी पुस्तके दिली होती. त्यातले एकेक तपासायचे. चांगले निघाले की त्यावर ‘शिफारसप्राप्त’ अशी सोनेरी चिठ्ठी डकवून ते काचेच्या कपाटात ठेवायचे आणि कुलूप घालायचे. कारण चांगले पुस्तक मुलांच्या हाती दिले तर ते चांगले राहत नाही. वाईट निघाले की रद्दीत. कारण वाईट पुस्तक मुलांच्या हाती देणे बरे नव्हे. ज्यांचा निर्णय व्हायचा होता ती सतरंजीवर पडून असत, आणि मुले ती बघत, चघळत, त्यांवर झोपत. म्हणजे बालविभाग चालत होता तो समितीच्या दिरंगाईवर. (याचे श्रेय समितीने कधीही घेतले नाही. मोठ्या मनाच्या माणसांचे असेच असते.)

अध्यक्ष गणपतराव साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. पुस्तक हातात आले की आधी ते तोलून बघत. कृष्णात यांचा गंगावेशीजवळ गोठा होता, आणि त्यांनी वाचनालयाच्या छपराला पत्रे घालून दिले होते, म्हणून ते सदस्य. झुंबरबाई महिला मंडळाच्या, माहेर शिरोळचे. तिघांच्याही घरात सहा वर्षांखालचे मूल नव्हते, त्यामुळे निःपक्षपातीपणाची चिंता नव्हती. चौथी सुष्मिता, माता-प्रतिनिधी. ‘जिला दुपारी वेळ असतो अशी माता’ एवढीच अट होती. दुपारी मूल झोपते, असा समितीचा समज होता.

सुष्मिताची रक्षिता साडेतीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, बोलेल. सासूबाई शांतव्वा म्हणाल्या, “हिचा बापबी उशिरानंच बोलला, आणि मग थांबलाच न्हाय.” सगळे असा धीर देत. सुष्मिता तिची वेणी घालताना, मेथी निवडताना तिच्याशी बोलत राही, आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरापुरती जागा मोकळी सोडे. ती जागा मोकळीच राही.

सतरंजीवर एक म्हशीचे पुस्तक होते. म्हैस तळ्यात बसली आहे. मालक येतो, कावळा येतो, शाळेतले गुरुजी येतात. जो तो विचारतो, ‘म्हशीबाई, उठता का?’ पान उलटले की म्हैस म्हणते, ‘नाही.’ एका दुपारी सुष्मिताने पान उलटले आणि पदर सावरायला थांबली. तेवढ्यात शेजारून कुणीतरी ठणकावून म्हणाले, “न्हाय.”

तिने पान मागे घेतले, परत उलटले. “न्हाय,” रक्षिता म्हणाली. कावळ्यालाही म्हणाली, गुरुजींनाही म्हणाली. सुष्मिताला पुढचे पान नीट दिसेना.

पुस्तक घरी न्यायची सोय नव्हती (अनिर्णित मालमत्ता). दुकानांत दुसरी प्रत मिळाली नाही. तेव्हा मायलेकी रोज दुपारी सतरंजीवर येऊ लागल्या. आणि मग एका सभेत म्हैस विषयपत्रिकेवर आली.

सुष्मिताची पंचाईत झाली. स्तुती करावी तर कपाट, नावे ठेवावीत तर रद्दी. तिने गप्प बसायचे ठरवले. माता-प्रतिनिधीकडून समितीची अपेक्षाही तीच होती.

“म्हैस शेवटी उठती काय?” गणपतरावांनी पुस्तक तोलत विचारले.

“कुठली उठतीय,” झुंबरबाई म्हणाल्या. “सगळी हाका मारून दमत्यात. ही आपली बसलेली.”

“मग बोध काय?”

“बसून ऱ्हावं. आमच्या पोरांनी तेवढंच शिकायचं ऱ्हायलंय.”

पुस्तक रद्दीच्या बाजूला सरकले. तेवढ्यात कृष्णातनी ते ओढून घेतले आणि चष्मा चढवला.

“आधी शिंगं बघा की. कशी मागं गेल्यात, पार खांद्याच्या पल्याड. पंढरपुरी हाय ही. कातडं कसं चकाकतंय. असलं जनावर दिवाळीच्या पाडव्याला मिरवलं तर गाव हातातलं काम टाकून बघत बसंल.”

तिथून पुढे समितीने पुस्तक बाजूला ठेवून म्हशीचे परीक्षण सुरू केले. हा विषय असा, की यात कोल्हापुरात कुणीच अडाणी नसतो. शिंगांना पैकीच्या पैकी. खांद्याला एक गुण कमी. कास पाण्याखाली असल्याने तिचे गुण राखून ठेवले. झुंबरबाईंनाही मान्य करावे लागले, की नजर गरीब हाय. गणपतरावांनी सोनेरी चिठ्ठ्यांची डबी उघडली.

आईच्या मांडीवरून रक्षिताने पुस्तकाकडे हात लांब केला. “न्हाय,” ती म्हणाली.

“अगं बया, बोलती की पोरगी,” झुंबरबाई म्हणाल्या.

“बोलू दे,” गणपतराव चिठ्ठीला थुंकी लावत म्हणाले. “पर सभासद न्हाय ती. विरोध नोंदवता येत न्हाय.”

सुष्मिताने लेकीचा हात हातात घेतला आणि अगदी साध्या आवाजात विचारले, “कृष्णातदादा, ही दूध किती देत असंल?”

“बारा लिटर. एका वेळचं सांगतोय.”

“पंढरपुरी, आणि बारा?” झुंबरबाई वळून बसल्या. “माहेरी मी म्हशींच्या धारा काढलोय. सातच्या वर थेंब न्हाय.”

“तुमच्या शिरोळच्या म्हशी निम्मं वरीस पुराच्या पाण्यात. त्या काय दूध देणार.”

“माझ्या माहेरावर जायचं काम न्हाय, कृष्णात.”

गणपतरावांनी डबी मिटली. दुधाचा आकडा वादात असताना शिफारस करणे म्हणजे ऊस न तोलता गाडी आत घेण्यासारखे होते. ठराव झाला: चित्रकाराला पत्र लिहून दूध विचारावे, तोवर म्हैस विचाराधीन. पुस्तकावर चित्रकाराचा पत्ता नव्हता, त्यामुळे उत्तराला अद्याप विलंब होत आहे.

म्हैस सतरंजीवर परत आली. पुढे तिचे एक शिंग कुणीतरी खाल्ले आणि तळ्यात खरोखरचे पाणी सांडले. रक्षिता आधी कावळ्याचे बोलू लागली, मग मालकाचे, मग गुरुजींचे, आणि मग जे पुस्तकात कुणीच बोलले नव्हते तेही. दिवाळीत करंज्या भरताना शांतव्वा वैतागून तिला म्हणाल्या, “आता जरा गप बस की गं.” सुष्मिता हातातली करंजी अर्धी मुरडून तशीच बसून राहिली. ते वाक्य तिला एकदा पुन्हा ऐकायचे होते.

तेव्हापासून ओळखीच्या आया तिला विचारतात, “बारक्या पोरांसाठी एखादं चांगलं पुस्तक सांग की.” ती सगळे सांगते, नाव तेवढे सांगत नाही. इथेही ते दिलेले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच. दिले असते, तर आपण गावभर हिंडून ती म्हैस शोधून आणली असती, तिला प्लॅस्टिकचे कव्हर घातले असते, आणि मुलाला तिची किंमत कळेपर्यंत टीव्हीच्या वरच्या फळीवर नीट ठेवली असती. (त्या फळीवर सध्या आणखी काय काय आहे, ते एकदा उठून बघायला हरकत नाही. स्टूल लागेल.)